धुराचा खडा

पाय पुसून या, हात पुसून या, आणि श्वास जमेल तेवढा बाहेरच सोडून या, अशा तीन अटी घालून पाहुण्याला घरात घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सूर्यभानजी. पहिल्या दोन अटींचं मला काही वाटलं नाही. काळ्या मातीच्या गावात राहणाऱ्याला आपल्या फरशीची काळजी असू शकते. आत गेल्यावर कळलं की घराला फरशी नव्हतीच. साधी मातीची जमीन होती, आणि ती सारवलेलीही नव्हती, कारण सारवायला पाणी लागतं.

"श्वासानं काय होते, सूर्यभानजी?" मी विचारलं.

"आरशावर फुंकर मारून पाहा, कंपोंडरसाहेब. काय दिसते?"

"वाफ दिसते."

"वाफ म्हंजे पानीच नं? मंग ते आत कायले आनता?"

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. मी वऱ्हाडातल्या मालेगावच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नवीन रुजू झालो होतो आणि वाशीम रस्त्याच्या कडेला एक खोली भाड्याने घेतली होती. शेजारी सूर्यभानजींचा मळा, आणि मळ्याच्या टोकाला त्यांची एकखणी, कवेलूंच्या म्हणजे कौलांच्या छपराची खोली. मी मूळचा अकोल्याचा. शहरातून आलेला माणूस म्हणून मी स्वतःला जरा शहाणा समजत होतो. या शेजाराने ते शहाणपण फार दिवस टिकू दिलं नाही.

धंदा बघाल तर गृहस्थ बागाईतदार. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरची. पहाटे मोट धरायची आणि दिवसभर गुडघाभर चिखलात वाफ्यांची दारं मोडत फिरायचं. अंगावरचा सदरा कधी कोरडा दिसला नाही. पण हाच माणूस उंबऱ्याशी आला की तिथे दोरीवर टांगलेल्या फडक्याने बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसायचा, दुसरं धोतर नेसायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. माठ बाहेर, चूल बाहेर, अंघोळ तर बाहेरच. पावसाळ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ते अंगणात भाकरी थापत बसलेले दिसत. भाकरी अर्धी चुलीवर भाजायची, अर्धी पावसात भिजायची. गावातली माणसं म्हणत, याचा मळा बागाईत आणि घर कोरडवाहू. घरात बाईमाणूस नव्हतं. अशा घरात कोण बाई नांदेल, असं लोकच उत्तर देऊन मोकळे होत.

आमची ओळख झाली ती बाटलीवरून. त्या काळी दवाखान्यात औषधाला येणारा माणूस आपली बाटली आपणच घेऊन यायचा. सूर्यभानजी आले ते बाटली मागायला. रांगेत निमूटपणे उभे राहिले, नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, "मले काईच होत नाई. माह्या बाटलीचं बूच ढिलं झालं." त्यांची नजर माझ्या मागच्या फडताळावर होती. तिथे काचेच्या बुचाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. हवासुद्धा आत शिरणार नाही असं घासून बसवलेलं बूच. मी सांगितलं, हा सरकारी माल आहे, हात लावता येणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या दारात कोवळी वांगी. तिसऱ्या दिवशीही. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसती वांगी. डॉक्टरीणबाईंना भरल्या वांग्यांची अशी काही चटक लागली की शेवटी त्यांनीच माहेरून आणलेली काचेच्या झाकणाची मिठाची बरणी काढून दिली. सूर्यभानजींनी ती उन्हात तापवली, झाकणाशी ओठ लावून हवा ओढून पाहिली, आणि एवढंच म्हणाले, "चालते." वांगी बंद झाली. डॉक्टरीणबाई बरेच दिवस माझ्याशी घुश्शात होत्या, जणू मीच त्यांची बरणी लंपास केली.

त्या बरणीत काय ठेवतात हे मला पुढे दाखवलं. तेही कडक उन्हाळ्यात, भर दुपारी, दार लावून. कापसाच्या गादीवर एक खडा होता. आवळ्याएवढा. पांढरा, किंचित पिवळसर झाक, आणि उजेडात धरला की त्याच्या अंगावरच्या बारीक पापुद्र्यांतून उजेड आरपार जायचा. तुरटी म्हणावी तर तुरटी नाही, खडीसाखर म्हणावी तर तीही नाही. मी बोट पुढे केलं तर सूर्यभानजींनी माझं मनगट धरलं. घाम होता म्हणे.

"कुठला हो हा?"

"विसूबाचा."

विसूबा म्हणजे कुठलासा ग्रामदेव असावा असं मला वाटलं. तो निघाला इटलीतला ज्वालामुखी. नकाशात त्याचं नाव व्हेसुव्हियस आहे, पण सूर्यभानजींनी त्याला आपल्या घराण्यात घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते लष्कराच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. नेपल्स बंदरातून रसद भरायची आणि आघाडीकडे न्यायची. ते तिथे होते त्याच वर्षी तो डोंगर पेटला होता. त्यामुळे गावात कोणी काहीही सांगायला लागलं की सूर्यभानजींचं ठरलेलं उत्तर होतं, "हे तं काईच नाई. तिथं पहाड चिलीम पेत होता, आमी पाहून आलो." कोणाच्या शेतात वीज पडली, हे तं काईच नाई. केनवडच्या बाजारात बैल उधळले, हे तं काईच नाई. एकदा तर शेजारच्या बुवाचा सासरा वारला त्या बैठकीत त्यांच्या तोंडून सवयीने हेच निघालं, आणि मग त्यांना काही दिवस त्या घरावरून जाता आलं नाही.

डोंगराचं वर्णन मात्र ते फार सुरेख करायचे. आग विझल्यावरही जमीन चटके देत होती. जागोजाग भेगा पडल्या होत्या. "जमिनीले नाकपुड्या असतात, साहेब. त्यातून ते फुसफुस करून राह्यलं होतं. वास असा का डोये चुरचुर करत. आन त्या नाकपुड्यायच्या काठावर पाहा, पिवळं, हिरवं, पांढरं, जसं कोनं रांगोळी टाकली." त्या रांगोळीतला हा खडा.

पुढे एकदा विहिरींना पाणी कुठे लागेल ते बघायला भूगर्भखात्याचे एक साहेब गावात आले. पोट बिघडलं म्हणून दवाखान्यात आले, आणि बोलता बोलता मी त्यांना खड्याचं सांगितलं. सूर्यभानजी त्यांना घरात घ्यायला तयार नव्हते, कारण साहेबांना घाम फार. शेवटी बरणीच उन्हात आणली. साहेबांनी भिंग लावून पाहिलं आणि त्यांचं पोटाचं दुखणं पळालं. एक कणभर चुरा त्यांनी मागून घेतला, बशीत ठेवला आणि त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. पांढरा कण आमच्या डोळ्यांदेखत निळा झाला.

"मोरचूद!" मी म्हणालो. खुपऱ्या झालेल्या डोळ्यांना लावायची निळी कांडी माझ्या रोजच्या हातातली.

"पाणी प्यायलं की मोरचूद," साहेब म्हणाले. "पाणी नसलेलं हे पहिलं रूप आहे, आणि निसर्गात ते फार क्वचित सापडतं." ते तिथेच बांधावर बसले आणि त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. ज्वालामुखी निवायला लागला की त्याच्या भेगांतून तापलेला वायू निघत राहतो. त्या वायूबरोबर तांबंसुद्धा वर येतं. बाहेरची हवा लागली की ते पातळ न होता थेट धुराचा खडा होऊन भेगेच्या काठावर बसतं. पण त्याला पाण्याची भयंकर तहान. दव पडलं, पाऊस आला, नुसती ओली हवा लागली तरी निळं पडतं, आणि पाण्यात तर पूर्ण विरघळून जातं. म्हणून ज्याने तो नेमका त्या वेळी, कोरडा असताना उचलला, त्यालाच मिळाला. तापवला तर पाणी उडून पुन्हा पांढरा होतो, पण दर खेपेला ठिसूळ होत जातो.

जाता जाता साहेब म्हणाले, "तुम्ही बसलात तो काळा दगडही ज्वालामुखीचाच बरं का. सगळा वऱ्हाड एके काळी असाच उकळत होता." सूर्यभानजी चटकन उठून उभे राहिले आणि ज्या दगडावर बसले होते त्याच्याकडे बघत राहिले. त्यानंतर विहिरीच्या काठचे धोंडे त्यांचे नातेवाईक झाले. "विसूबाचे चुलते," म्हणायचे.

साहेबांनी खडा नागपूरच्या संग्रहालयासाठी मागितला. काचेच्या पेटीत, कायमचा कोरडा राहील, खाली तुमचं नाव लिहू, म्हणाले. एवढा जिवापाड जपलेला दगड सुरक्षित राहतोय, तर हा माणूस आनंदाने देईल असं मला वाटलं. सूर्यभानजींनी बरणी छातीशी धरली.

"माहा असता तं देला असता. दुसऱ्याचा हाय."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या अंगणातल्या चुलीजवळ बसलो आणि विचारलं, कोणाचा? त्यांनी चुलीत काटक्या सरकवल्या. मग सगळं बोलले.

जवळच्याच मेडशी गावचा पुंडलिक त्यांच्याच तुकडीत होता. एका मुलखाचे म्हणून दोघांची ताटवाटी एक. खडा पुंडलिकनेच उचलला होता, मायला दाखवायला. पहाडातून धुरासंगं खडीसाखर निघते हे तिला सांगितलं तर ती हसेल, म्हणाला. मोटारीच्या वंगणाच्या रिकाम्या डब्यात त्याने तो कापसात गुंडाळून बंद केला आणि त्याचं सामान सूर्यभानजींच्या मोटारीत होतं म्हणून डबा तिथेच राहिला. पुढे घाटात पुंडलिकची मोटार यांच्या पुढे चालली होती. तोफेचा गोळा आला. धूर निवळला तेव्हा रस्त्यावर खड्डा होता, आणि मोटार नव्हती, माणूस नव्हता. काहीच हाती लागलं नाही म्हणून सरकारने कळवलं, बेपत्ता.

"मी पलटनीतून सुटून आलो तं पहिले मेडशीले गेलो," सूर्यभानजी म्हणाले. "पुंडलिकची माय, सारजामाय, मले म्हने, बापू, बेपत्ता म्हंजे काय रे? मेला का जिता? आता तिच्या तोंडाकडे पाहून काय सांगू मी? डबा काढला, खडा तिच्या हातावर ठेवला. म्हनलं माय, हा पुंडलिकच्या हातचा. हा पांढरा हाय तवरोक तो खुशाल हाय समज."

"असं कसं बोलून गेलात?"

"दगड होता नं, साहेब! दगड कधी बदलते का? मले वाटलं, बुडी माय जगंन तवरोक हा असाच राहीन, तिचा जीव थंड राहीन. मले काय ठावं का हा येकटाच असा दगड हाय जगात."

म्हातारीने खडा त्यांनाच ठेवायला दिला. माझं घर गळतं, तुझ्याजवळ नीट राहील, मी येऊन बघत जाईन. पहिलाच श्रावण आला आणि सूर्यभानजींनी डबा उघडला तर खड्याची एक कड निळसर झालेली. रात्रंदिवस डोक्यात एकच, याला पांढरं कसं करायचं. चुलीजवळ ठेवला तेव्हा निळं गेलं, पण दोन कपच्या निघाल्या. तेव्हापासून या माणसाने आपल्या घरातून पाणी हद्दपार केलं. लग्नसुद्धा केलं नाही. नवी नवरी घरात येणार, धुणार, सारवणार, शिजवणार. तिला काय सांगणार, की बाई, एका माणसाचा जीव या बरणीत आहे?

मी ऐकत होतो आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती. या माणसाच्या भिजलेल्या भाकरीवर मी किती वेळा हसलो होतो.

त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूने झालो. ताजा भाजलेला कळीचा चुना हवेतलं पाणी शोषून घेतो, हे मला औषधांच्या डब्यांमुळे माहीत होतं. भट्टीवरून चुना आणून आम्ही मोठ्या पत्र्याच्या पेटीत भरला आणि त्यात बरणी ठेवली. चुना फुटून भुगा झाला की बदलायचा. आता आम्ही दोघं मिळून श्वास बाहेर सोडून आत जायला लागलो. डॉक्टर म्हणाले, कंपाउंडरलाही लागण झाली.

सारजामाय बाजाराच्या दिवशी मेडशीहून मोटारीने यायची. वाळलेल्या काडीसारखी म्हातारी, कपाळावर जुन्या गोंदणाची हिरवी रेघ. पदरात कधी मुगाच्या वड्या, कधी तुरीच्या शेंगा. तिला मात्र पाय पुसायला सांगितलं जात नसे. सूर्यभानजी स्वतःच खाली बसून फडक्याने तिचे पाय पुसायचे. खडा अगदी डोळ्याला भिडवून बघायची, बोटांनी चाचपायची, म्हणायची, "पांढरा हाय." मग थोडा वेळ त्यांच्याशी मळ्याचं बोलायची आणि उठायची. पुंडलिकबद्दल तिने कधी एक शब्द विचारला नाही.

सूर्यभानजींच्या खऱ्या परीक्षेची वेळ म्हणजे अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवसाची सकाळ. आमच्याकडे त्या सणाला पितरांच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर पाण्याने भरायची, वर आंबा ठेवायचा, आणि गेलेल्याच्या नावाने एकाला पितर म्हणून पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. वैशाखातलं ऊन, गेलेल्यांना पाणी मिळावं एवढीच त्यातली भावना. एकदा घागर भरली की तो माणूस गेला हे घराने कबूल केलं. सारजामाय दर वर्षी मालेगावच्या कुंभाराकडून नवऱ्यासाठी एक घागर न्यायची. खडा पाहिला, पांढरा आहे म्हणाली, की दुसरी घागर घ्यायची नाही. त्या एका वाक्यासाठी सूर्यभानजी वर्षभर पावसात भाकरी थापत होते.

मी आलो त्याच्या काही वर्षांनंतरची गोष्ट. अक्षय तृतीया दोन दिवसांवर आली होती. दुपारी आभाळ एकाएकी काळवंडलं आणि गारा पडायला लागल्या. लिंबाएवढ्या गारा, मागोमाग पाऊस. मी दवाखान्यात अडकून पडलो. घरी येऊन पाहतो तो माझ्या खोलीचे दोन कवेलू फुटलेले, आणि सूर्यभानजींच्या खोलीचं अर्धं छप्पर मोकळं. गारा पडत होत्या तेव्हा ते मोटेवर होते, बैल उधळले म्हणून त्यांना धरून राहिले होते. पेटीवर छपराचा वासा कोसळून ती उपडी झाली होती. बरणी फुटली होती. ओल्या चुन्याच्या वाफेत ते जमिनीवर बसून काहीतरी शोधत होते.

खडा सापडला. मोराच्या गळ्यासारखा निळा.

सकाळी लख्ख ऊन पडलं, जसं काही झालंच नव्हतं. मळ्यातली वांग्याची झाडं झोडपून आडवी झाली होती, पण सूर्यभानजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगणात चूल पेटवून निखारे पसरले होते, वर तवा. खडा हातात घेऊन ते उकिडवे बसले होते.

"तापवा," मी म्हणालो. "माय यायच्या आत होईल पांढरा."

"होईन, पन खडा राहीन का?"

मी खडा पाहिला. पाणी लागून तो झिजला होता, सगळ्या अंगावर बारीक चिरा होत्या. तव्यावर ठेवला असता तर पांढरं पीठ झालं असतं. पीठ दाखवून तिला काय सांगणार? आणि निळा दाखवून तरी काय सांगणार? मी म्हणालो, आज घरी नाहीत म्हणून मायला सांगतो, मळ्याचं नुकसान झालं म्हणून वाशीमला गेलेत. त्यांनी मान हलवली. तिने दाराशी येऊन परत जावं हे त्यांना चालणार नव्हतं. निखारे राखेत बसत चालले.

सारजामाय कमरेवर नवी घागर घेऊन आली. गारांचं ऐकून ती कुंभाराकडूनच तडक इकडे आली होती. आधी फुटलेल्या छपराकडे पाहिलं, मग सूर्यभानजींच्या मुठीकडे. घागर खाली ठेवली आणि हात पुढे केला.

सूर्यभानजींनी मूठ उघडली.

तिने खडा डोळ्याशी नेला. बोटांनी चाचपला. मला वाटलं, आता ही इथेच कोसळेल. मी पाणी आणायला उठलो. ती तशीच उभी होती, चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही.

"पानी पेला," ती म्हणाली.

सूर्यभानजींनी मान वर केली.

"पोटभर पेला दिसते." मग ती खाली बसली, अगदी हळू. "बापू, मरतानी पोराच्या तोंडात कोनं पानी घातलं असंन का, येवढाच घोर होता मले. परक्या मुलखात, तिथं कोन होतं त्याचं? जेवाले बसली का हाच इचार. आज भेटलं त्याले."

सूर्यभानजींचा ऊर एकदम फुटला. एवढा दणकट माणूस, मातीत हात टेकून रडायला लागला. "माय, मी खोटं बोललो व. मी पाह्यलं होतं. माह्या डोळ्यासमोर झालं. बेपत्ता गिपत्ता काई नाई."

"ठावं हाय मले."

"कवापासून?"

"तू खडा हातावर ठेवला तवापासून. ज्यानं पाह्यलं नाई त्या मानसाचा हात असा थरथरत नाई." तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं. "पन तुहं तोंड पाहून मले काई बोलवलं नाई. माहा येक गेला होता, दुसरा समोर उभा होता. म्हनलं, राहू दे. हा म्हनते पांढरा, तं पांढरा."

मग तिने मला कुंभाराकडे धाडलं, दुसरी घागर आणायला.

अक्षय तृतीयेला मी सूर्यभानजींबरोबर मेडशीला गेलो. एकट्याने जायला ते तयार नव्हते, मोटारीत बसल्यावरही दोनदा उतरू लागले. म्हातारीच्या झोपडीत दोन घागरी शेजारी शेजारी भरलेल्या होत्या, वर आंबे. खडा तिने पाटाजवळ उघडाच ठेवला होता. नवऱ्याच्या नावाने पुतण्या बसला होता. दुसरा पाट रिकामा होता.

"बस," ती सूर्यभानजींना म्हणाली.

ते उभेच राहिले. पितर म्हणून बसायचं म्हणजे आपल्या घरच्या माणसाने. ते अडखळत म्हणाले, "मी कसा बसू, माय? मी तं त्याचा कोनीच नाई."

"बस म्हनलं नं."

ते बसले. तिने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, ताट वाढलं, पुरणपोळी, वर आंब्याचा रस, कुरडया. हातावर पाणी घातलं. ते पाणी त्यांनी पुसलं नाही. पहिला घास घेतला आणि मग मान वर न करता जेवत राहिले, घाईघाईने, कोणी ताट काढून घेईल अशा भीतीने. डोळ्यांतलं पाणी रसात पडत होतं. म्हातारी समोर बसून हातातल्या पदराने वारा घालत होती.

"हळू जेव, बापू," ती म्हणाली. "लय वर्सांचा उपाशी हायेस."

सूर्यभानजींनी मान हलवली आणि आणखी एक पोळी मागून घेतली.